अर्धी ओ

मानखुर्दच्या आमच्या बिल्डिंगीत
दुसऱ्या मजल्यावर ऊन येत नाही.
खिडकीतून हात बाहेर काढला
तर चौदा-बीची भिंत लागते.
भर बाराला आई बल्ब लावून
कांदे सोलते. केटररचे. रोज दोन गोणी.
गोणीमागं किती मिळतात सांगत नाही,
मी चिडते म्हणून.

तिचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी : सात.
"सातात पास करत नाहीत का?"
तिनं विचारलं, आणि गुडघ्यावर हात रोवून
उठली, तिच्या मेलेल्या आईला हाक मारत.

मी परळला, तळघरातल्या लॅबमध्ये.
तिथंही ऊन नाही, पण तिथं ते चालतं.
पेशी सदतीस अंशांवर अंधारात वाढतात.
मी त्यांना दिवसाआड गुलाबी पाणी पाजते.
प्रत्येकीच्या केंद्रकात
एक जण बसलेला असतो, कान देऊन.
मस्करेन्हस मॅडम त्याला रिसेप्टर म्हणतात.
मी मनात म्हणते, ओ देणारा.

ऊन कातडीवर पडतं.
मग लिव्हरचा शिक्का, मग किडनीची सही,
एवढं झाल्यावर हाक त्याच्यापर्यंत पोचते.
त्यानं ओ दिली
की आतडं जेवणातलं कॅल्शियम उचलून घेतं.
नाही दिली, तर दूध प्या नाही तर नाचणी खा,
बरंचसं आलं तसं निघून जातं.

त्याची ओ कळावी म्हणून आम्ही
काजव्याचा एक जीन पेशीत बांधलाय.
तो बोलला की पेशी उजळते.
डोळ्यांना दिसत नाही तो उजेड.
मशीन मोजतं.

आधी हळद घातली.
फोनवर मावशी बोलली की आईच वाटते
तसा काहीसा हळदीचा आवाज.
तो वळला. अर्धी ओ दिली.
मी खुर्चीतून उठलेच होते.
मॅडम म्हणाल्या, "बस. डिशमध्ये वळलाय.
पोटातून रक्तात हळद पोचते
चिमटीतली चिमूट. घरी लगेच सांगू नकोस."

घरी सांगितलं नाही.
पण एका शनिवारी आईच्या सालींची पिशवी
लॅबमध्ये नेली. गेटवरच्या माणसानं
ती उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.
क्वेर्सेटिन कांद्यात असतं, सालीत जास्त,
जे आम्ही आजवर कचऱ्यात टाकलं, पिवळं, तुरट.

नुसती साल : काही नाही. काळोख.
थेंबभर हार्मोन आणि साल :
नुसत्या हार्मोनपेक्षा थोडा जास्त उजेड.
तीनदा केलं. एकदा उलटंच आलं,
तेही वहीत लिहिलं.
म्हणजे साल स्वतः हाक मारत नाही,
हाक मारणाऱ्याच्या बाजूला उभी राहते आणि म्हणते,
अहो, तुम्हालाच बोलावतायत.
निदान माझ्या डिशमध्ये.

हे मात्र आईला सांगितलं.
सुरी न थांबवता तिनं ऐकून घेतलं.
"म्हणजे आधी कुणीतरी हाक मारायला पाहिजे."
हो.
"मग गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"

सेक्रेटरी सालेकरांकडे.
टाकीत कुणाची तरी चप्पल सापडली
तेव्हापासून गच्चीला कुलूप.
अर्ज द्या म्हणाले. कारण लिहा.
मी लिहिलं, ऊन.
ते हसले. मग रिपोर्टची झेरॉक्स पाहिली,
मग हळूच विचारलं, हे रक्त कुठं काढतात?

आता अकरा वाजता आई वर असते,
अर्धी गोणी, पाट, आणि डोक्यावरून पदर.
पदर काढ म्हटलं तर म्हणते, काळी पडेन.
पड.
बाह्या मात्र तिनं आपणहून वर सरकवल्यात.
कोपराच्या वरचा हात इतका गोरा
मी कधी पाहिला नव्हता.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त काढायचंय.
तोवर काही माहीत नाही.
साली उडून टाकीमागं साचतात,
त्याबद्दल चौथ्या मजल्यानं
तक्रारवहीत दोन ओळी लिहून ठेवल्यात.